हजेरीपुरती चामखीळ

"एक तर ती राहील, नाहीतर मी," लांबी म्हणाली आणि टेबल टेनिसच्या टेबलावर बॅट पालथी घालून मोकळी झाली.

असली वाक्यं माणसं साधारणपणे नातेवाइकांबद्दल बोलतात. इथे विषय होता भिंगरीच्या उजव्या अंगठ्यावरच्या चामखिळीचा. अंगठ्याच्या पोटावर, बरोबर मधोमध, कॉलरच्या बटणाएवढी आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत अशी ती चामखीळ कॉलेजात प्रवेश घेण्याच्या आधीपासून तिथे सुखाने नांदत होती. तिने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. भिंगरी सोळा वर्षांची, अकरावीतली आणि नावाप्रमाणे वागणारी. एका जागी पाच मिनिटं स्वस्थ बसली तर आई तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. तिची आणि उंचीमुळे हे नाव पडलेल्या लांबीची जोडी कॉलेजच्या संघात घेतली होती आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आली होती. दोघी घाम मात्र एकाच टॉवेलने पुसत, कारण आपला टॉवेल लांबी रोज घरी विसरायची. चामखिळी एकीच्या हातावरून दुसरीच्या हातावर जातात, असं लांबीने कुठेतरी वाचलं होतं. ती क्वचितच वाचायची, त्यामुळे वाचलेलं फार मनावर घ्यायची.

"मला माझे हात प्यारे आहेत गं."

"काल सर्व्हिस करताना तरी तसं वाटलं नाही," भिंगरी म्हणाली. पण मनातून ती चरकली. लांबी नाही तर जोडी नाही, जोडी नाही तर स्पर्धा नाही. आणि गेलं वर्षभर तिने स्वप्नातसुद्धा दुसरं काही पाहिलं नव्हतं. एकदा पाहिलं होतं, पण त्यातही शेवटी नेट होतीच.

घरी गेल्यावर तिने हे सांगितलं, ते आईला. ऐकलं बाबांनी. इथेच सगळं बिनसलं.

बाबा पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. जगात अडचणी नसतात, फक्त प्रलंबित प्रकरणं असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी चष्मा लावून मुलीचा अंगठा दिव्याखाली धरला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हं. प्रकरण जुनं दिसतंय."

"त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊ या उद्या," आई म्हणाली. आई बँकेच्या काउंटरवर बसायची. समोरच्या माणसाला योग्य खिडकीकडे पाठवायचं एवढंच तिचं आयुष्याचं तत्त्वज्ञान होतं, आणि ते फारसं चुकत नसे.

"एकदम वरच्या पातळीवर जायचं नसतं," बाबा म्हणाले. "आधी स्थानिक चौकशी."

स्थानिक चौकशी म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका. काका निवृत्त होते आणि त्यांच्याकडे प्रत्येक रोगावर एक उपाय आणि त्या उपायाने बरा झालेला एक चुलत मेहुणा होता. "घोड्याच्या शेपटीचा केस," काका म्हणाले. "घट्ट बांधायचा. आपोआप गळून पडते. माझ्या मेहुण्याची मानेवरची गेली."

"आणि मान?" भिंगरीने विचारलं.

"मान आहे."

आता घोडा आणायचा कुठून? बाबांनी यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरून व्हायोलिनचे सूर आले आणि बाबा खुर्चीतून ताडकन उठले. व्हायोलिनच्या गजाला घोड्याचेच केस असतात! तळमजल्यावरच्या व्हायोलिनवाल्या बाईंचं दार त्यांनी वाजवलं आणि अत्यंत अदबीने एक केस मागितला. बाईंना आयुष्यात बऱ्याच लोकांनी वादन थांबवायची विनंती केली होती. इतक्या सुसंस्कृत मार्गाने मात्र कुणी केली नव्हती. त्यांनी केस दिला, पण "काम झालं की परत आणा" असं बजावून.

मानेवर लोंबणारी गोष्ट बांधता येते. अंगठ्याच्या पोटात रुतून बसलेल्या चामखिळीला बांधणार काय, आणि कुठे? बाबांनी केस गुंडाळत गुंडाळत शेवटी अख्खा अंगठाच बांधला. अंगठा आधी लाल झाला, मग जांभळा. चामखीळ होती तशीच राहिली. उलट त्या जांभळ्या पार्श्वभूमीवर जास्तच उठून दिसायला लागली. आईने कात्री आणली, केस कापला आणि त्वचेच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. केसाचे तुकडे बाबांनी पाकिटात घालून तळमजल्यावर परत केले. व्हायोलिनवाल्या बाई त्यानंतर जिन्यात त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

डॉक्टरीणबाई हसतमुख होत्या. त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "साधी चामखीळ आहे. या वयात खूप मुलांना होते. विषाणूमुळे येते, घाबरण्यासारखं काही नाही. बऱ्याचदा काही न करता आपोआपसुद्धा जाते, फक्त सवडीने. कधी वर्ष, कधी दोन."

"आमची स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे," भिंगरी म्हणाली.

"मग औषध देते. रोज रात्री अंगठा कोमट पाण्यात भिजवायचा, वरची मेलेली कातडी कानशीने हलकेच घासायची, औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर, आणि वरून पट्टी. ती कानस दुसऱ्या कुणी वापरायची नाही आणि तुझ्या नखांनाही लावायची नाही. टॉवेल वेगळा. खरवडायचं नाही, चावायचं नाही. नखं खातेस?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

"खाते," आई म्हणाली.

"मॅच चालू असतानाच," भिंगरीने दुरुस्ती केली.

"ते बंद. कातडीला चिरा पडल्या की विषाणूला दार उघडं मिळतं. हे केलंस तर नवीन यायची शक्यता कमी."

"आणि ते काळे ठिपके?" बाबांनी विचारलं. "ती मुळं ना?"

"मुळंबिळं काही नसतात. रक्ताच्या बारीक वाहिन्या आहेत त्या. आणि धीर धरा, काही आठवडे लागतील."

एवढ्यावर साधा माणूस थांबला असता. बाबांनी घरी येऊन प्रतिबंधक योजना जाहीर केली. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा टॉवेल मिळाला. नेलकटर कुलपात गेलं. बाबांना स्वतःची नखं कापायची तरी स्वतःकडेच किल्ली मागावी लागायची, आणि ते ती सहजासहजी देत नसत. लांबीला एक जादा टॉवेल भेट गेला. औषध चालू आहे आणि वर पट्टी आहे हे स्वतः पाहिल्यावर लांबी म्हणाली, "औषध चालू असेपर्यंत खेळेन. बंद केलंस तर मी गेले." तिने पुराव्यासाठी मोबाइलवर चामखिळीचा फोटोही काढून ठेवला.

औषध खरंच चांगलं होतं. आठवड्याभरात कातडी पांढरी पडली, पापुद्रे निघाले, चामखीळ बसायला लागली. घरात आनंदीआनंद झाला. आणि एके सकाळी कॉलेजच्या दारात भिंगरीने पट्टी काढून हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवला, तेव्हा यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

भिंगरीने पुन्हा प्रयत्न केला. अंगठा पुसून केला, फुंकर मारून केला. मागे रांग वाढली. यंत्रातली बाई तितक्याच गोडीने नकार देत राहिली, त्या दिवशी आणि पुढचा आठवडाभर.

झालं होतं असं, की प्रवेशाच्या दिवशी यंत्राने भिंगरीचा अंगठा चामखिळीसकट नोंदवून घेतला होता. आपण एखाद्याचं घर लक्षात ठेवताना पाटीवरचा क्रमांक बघत नाही, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला बघतो. यंत्रानेही तेच केलं होतं. आता पंक्चरवालाच उठून गेल्यावर बिचाऱ्या यंत्राला गल्ली कशी सापडणार?

आणि हजेरी पुरेशी नसेल तर संघातून नाव कमी, हा कॉलेजचा नियम होता. नावं शनिवारी पाठवायची होती.

बाबांनी अर्धी रजा टाकली आणि मुलीला घेऊन कॉलेजच्या कार्यालयात गेले. तिथे हजेरीमास्तर होते. हे काही त्यांचं पद नव्हे. पण यंत्राचा पासवर्ड त्यांनाच ठाऊक असल्यामुळे सगळं कॉलेज त्यांना त्याच नावाने ओळखायचं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "ही मुलगी गेला आठवडा गैरहजर आहे."

"ती रोज येते. आत्तासुद्धा तुमच्यासमोर उभी आहे."

"उभी आहे हो," हजेरीमास्तर समजुतीने म्हणाले. "हजर नाही."

"मग अंगठा नव्याने नोंदवा."

"नोंदवू की. त्याआधी ओळख पटवावी लागते."

"कशाने?"

"अंगठ्याने."

बाबांनी हजेरीमास्तरांना नीट न्याहाळलं. त्या न्याहाळण्यात राग नव्हता, आदर होता. खात्यात इतकी वर्षं काढून, लोकांना इतक्या खिडक्यांवरून फिरवून, असा निर्दोष गोल त्यांनासुद्धा कधी आखता आला नव्हता. दोन पहिलवान आखाड्यात समोरासमोर यावेत आणि एकाने दुसऱ्याची मांडी पाहूनच ओळखावं, तसं ते हजेरीमास्तरांकडे बघत राहिले.

"अपवाद?" शेवटी त्यांनी हळूच विचारलं.

"उपप्राचार्यांच्या सहीने. ते रजेवर आहेत. सोमवारी येतील."

"आणि नावं शनिवारी जातात!" भिंगरी म्हणाली.

"खरं सांगू का," हजेरीमास्तर तिला म्हणाले, "चामखीळ काढण्याआधी विचारायला हवं होतंस."

घरी परत येताना बापलेक वाटेत डॉक्टरीणबाईंकडे थांबले. बाबांनी घसा साफ केला. "डॉक्टर, एक विनंती होती. चामखीळ थोडे दिवस परत आणता येईल का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा सांगा."

"तात्पुरती हो. शनिवारपर्यंत."

"इतक्या वर्षांत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चामखीळ वाढवायचं औषध मागायला पहिल्यांदाच कोणी आलंय. नाही, तसं औषध नसतं. आणि चालू औषध मध्येच सोडू नका, इतकी छान बसतेय."

बाहेर आल्यावर भिंगरीने इतके दिवस आवरून धरलेलं नख तोंडात घातलं. बाबांनी ते पाहिलं आणि नेहमीप्रमाणे ओरडले नाहीत. पोरीचे डोळे भरले होते. नियमाचं पालन करणाऱ्या मुलीचं नियमाने नुकसान होतंय, हे त्यांच्या हेडक्लार्की काळजाला फार लागलं. त्या संध्याकाळी ते बराच वेळ गॅलरीत उभे होते. आत आले ते डिंकाची बाटली घेऊन.

"आपण चामखीळ बनवू," ते म्हणाले.

"ही फसवणूक नाही का?" आईने विचारलं.

"अजिबात नाही. मूळ स्थितीची पुनर्स्थापना आहे."

पांढरा डिंक थर देऊन वाळवला, की त्याची रबरासारखी गोळी होते. बाबांनी ती कोरायला घेतली. आता मूळ चामखीळ नेमकी कशी होती यावर घरात मतभेद झाले. आईला ती गोल आठवत होती. बाबांना ती जरा लांबट आणि भारदस्त वाटत होती. "अहो, ती मी रोज बघत होते." "बघणं वेगळं आणि निरीक्षण वेगळं." शेवटी लांबीला बोलावलं. लांबी आली, मोबाइलवरचा फोटो मोठा करून भिंतीला टेकवून ठेवला आणि स्वतःच कोरायला बसली. तिची चित्रकला टेबल टेनिसपेक्षा बरी निघाली. काळे ठिपके बाबांनी पेनच्या टोकाने दिले. "रक्तवाहिन्या," ते लांबीला म्हणाले, "मुळं नव्हेत."

रात्रीच्या जेवणापर्यंत अशी हुबेहूब चामखीळ तयार झाली, की आईने चुकून तिच्यावर थेंब टाकायला औषधाची बाटली उचलली.

शुक्रवारी सकाळी भिंगरीने ती अंगठ्यावर चिकटवली आणि यंत्रावर टेकवली. यंत्राने क्षणभर विचार केला. मग यंत्रातली बाई प्रसन्न आवाजात म्हणाली, "सुप्रभात, उपप्राचार्य सर."

रांगेतल्या पोरांनी मागे वळून पाहिलं. उपप्राचार्य कुठेच नव्हते. तिथे फक्त भिंगरी होती, आणि तिचा चेहरा त्या क्षणी कुठल्याही यंत्राला ओळखू आला नसता.

पुढे जे झालं त्यात भिंगरीचा काही दोष नाही. उपप्राचार्य हजर झाल्याची नोंद हजेरीमास्तरांच्या पडद्यावर उमटली. त्यांनी ती प्राचार्यांना कळवली. प्राचार्यांनी रजा रद्द धरली आणि दुपारच्या बैठकीचं अध्यक्षपद उपप्राचार्यांना देऊन टाकलं. बैठकीत खुर्ची रिकामी दिसली, तेव्हा शिपायाने सगळं कॉलेज पालथं घातलं, अगदी पाण्याच्या टाकीत डोकावून पाहिलं. अखेर फोन लागला. उपप्राचार्य बहिणीच्या घरी पडदे लावत स्टुलावर उभे होते. "तुम्ही कॉलेजात आहात," त्यांना सांगण्यात आलं. "मी स्टुलावर आहे," ते म्हणाले. "यंत्र तसं म्हणत नाही," पलीकडून उत्तर आलं.

शनिवारी सकाळी उपप्राचार्य स्वतः हजर झाले. भिंगरी आणि बाबांना केबिनमध्ये बोलावणं गेलं. हजेरीमास्तर आधीच कोपऱ्यात उभे होते.

"कोणी केलं हे?" उपप्राचार्यांनी विचारलं. टेबलावर भिंगरीकडून जप्त केलेली डिंकाची चामखीळ कागदावर ठेवलेली होती.

"साहेब, मीच," बाबा पुढे सरले. "ही मुलगी निरपराध..."

"नाही सर, मी," भिंगरी म्हणाली. "अंगठा माझा आहे. मी रोज कॉलेजात येते सर. वर्गात बसते, सराव करते. औषध लावलं म्हणून मी गैरहजर झाले. मला फक्त मी आलेय एवढंच सांगायचं होतं. तुमचं नाव घ्यायचं नव्हतं. आमची नावं आज जाणार आहेत."

उपप्राचार्यांनी ती चामखीळ उचलून जवळून पाहिली. मग त्यांनी विचित्र गोष्ट केली. उठून दार लावलं, आणि उजव्या अंगठ्यावरची पट्टी सोडवून हात टेबलावर ठेवला.

अंगठ्याच्या पोटावर, बरोबर मधोमध, कॉलरच्या बटणाएवढी.

"अगंबाई," बाबा म्हणाले. हा शब्द त्यांनी यापूर्वी कधी वापरला नव्हता.

"यंत्र बसवलं त्या दिवशी होती," उपप्राचार्य खालच्या आवाजात म्हणाले. "नंतर एकदा औषध लावलं, तर यंत्र आत घेईना. प्राचार्य विचारायचे, कुठे होतात? मी म्हणायचो, केबिनमध्ये. ते म्हणायचे, यंत्र तसं म्हणत नाही. शेवटी औषध सोडलं. तेव्हापासून सांभाळतोय हिला. पोरांना खडू देताना लाज वाटते, हात मिळवताना लाज वाटते. पण नोकरी हिच्यावर आहे."

"पण सर, सही तर तुमचीच लागते ना?" भिंगरीने विचारलं.

"स्वतःच्या अर्जावर स्वतःची सही चालत नाही," हजेरीमास्तर कोपऱ्यातून म्हणाले. दुःखाने म्हणाले, पण म्हणाले.

हे ऐकता ऐकता बाबांच्या पाठीचा कणा हळूहळू ताठ झाला. घोड्याच्या केसापासून डिंकापर्यंत झालेली सगळी मानहानी जणू झटकून, ज्या कामासाठी त्यांचा जन्म झाला होता त्याच्यासमोर ते उभे राहिले. "साहेब," ते म्हणाले, "अर्ज कशाला? परिपत्रक काढा. 'ज्यांच्या बोटांत वैद्यकीय किंवा नैसर्गिक कारणाने बदल झाला आहे, अशा सर्वांची नोंद दुसऱ्या बोटाने, दोन सहकाऱ्यांच्या साक्षीने, नव्याने घ्यावी.' हे परिपत्रक तुमच्यासाठी नाहीच. ते सर्वांसाठी आहे. तुम्ही फक्त त्या सर्वांमध्ये निघता."

हजेरीमास्तरांचे डोळे पाणावले. "सुंदर," ते पुटपुटले.

परिपत्रक तासाभरात लागलं. भिंगरी पहिली उभी राहिली. साक्षीला लांबी आणि टेबल टेनिसचे सर. तर्जनी टेकवली. यंत्रातली बाई म्हणाली, "उपस्थित." आजवर हा शब्द ऐकून कुणी उडी मारली नव्हती, भिंगरीने मारली. बुडालेली हजेरी वर्गशिक्षकांना विचारून भरली गेली आणि नावं वेळेत रवाना झाली. उडी मारून भिंगरीने मागे पाहिलं होतं, तेव्हाच रांग जिन्यापर्यंत गेली होती. उपप्राचार्यांच्या मागे बारावीची पोरं होती, ग्रंथपाल होत्या, प्रयोगशाळेतले सर होते. प्रत्येकाने कधी ना कधी उजवा अंगठा खिशात, ओढणीत, मुठीत लपवला होता, आणि आपण एकटेच आहोत असं प्रत्येकाला वाटत होतं. सोमवारपासून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गर्दी उसळली. बाबांनी तिथेही जाऊन टॉवेलच्या रंगांविषयी मार्गदर्शन केलं, ते बाईंनी नम्रपणे थांबवलं.

स्पर्धेत भिंगरी आणि लांबी पहिला सामना हरता हरता जिंकल्या. समोरची जोडी तगडी होती. त्यातली डावखुरी तर अशी फिरकी टाकायची की लांबीने दोनदा हवेलाच नमस्कार केला. पण शेवटच्या गेममध्ये भिंगरीच्या हाताला सूर सापडला. प्रेक्षकांत बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि शेजारी उपप्राचार्य, नवी पट्टी सांभाळत, चारच बोटांनी.

सामना संपल्यावर डावखुरीने मोकळेपणाने हसून हात पुढे केला. हरल्याचं तिला काही वाटलेलं दिसत नव्हतं. भिंगरीने हात मिळवला आणि तिची नजर खाली गेली. समोरच्या अंगठ्यावर कोरी पट्टी होती.

"चामखीळ?" भिंगरीने हळूच विचारलं.

"हो गं. कालपासून औषध सुरू केलंय."

"तुमच्या कॉलेजात हजेरीचं यंत्र आहे?"

"आहे की. का?"

सामना हरूनही त्या मुलीचा चेहरा पडला नव्हता. भिंगरीने कारण सांगितलं, तेव्हा पडला.